घंटा एकच, कारणं दोन



या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी विचारायला संयोजक आले तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, की मी टेस्टिंगवाली बाई, माझ्याकडून कौतुक कमी आणि खोड्या जास्त निघतील. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. आता भोगा.

अध्यक्षानं सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो मी मोडणार आहे. माझा विषय एवढाच: डीबगरमधून एकेक पाऊल टाकत चाललो असताना वाटेत ब्रेकपॉइंट लागला तर काय व्हायला हवं, आणि ते झालं हे आपण कशावरून म्हणतो?

एसटीचा विनंती थांबा तुम्हाला ठाऊक आहे. सगळे थांबे घेत जाणारी गाडी तिथं थांबली, तर ती थांबणारच होती म्हणून थांबली, की कुणी हात केला म्हणून? प्रवाशाला त्याचं काही नाही. हिशेब ठेवणाऱ्या कंडक्टरला आहे. डीबगर हा तो कंडक्टर. लिनक्सवर पाऊल पुरं झालं तरी सिगट्रॅप येतो आणि ब्रेकपॉइंट लागला तरी सिगट्रॅपच. घंटा एकच.

या दोन्ही सोयी जुन्या आहेत. १९४६ साली लोकांसमोर आलेल्या एनिअ‍ॅकवर प्रोग्रॅम म्हणजे तारांची जोडणी होती. यंत्र अमुक जागी थांबवायचं तर तिथली तार उपसायची. तोच ब्रेकपॉइंट, आणि या कल्पनेचं श्रेय बेटी होल्बर्टन यांना दिलं जातं. एका वेळी एक बेरीज किंवा एक पल्स एवढंच यंत्र पुढं सरकवायचीही सोय होती. पण उपसलेली तार लोंबताना दिसायची. आपला ब्रेकपॉइंट कुठं लोंबत नाही.

एक्स८६ प्रोसेसरवर तो कसा बसतो ते पाहा. डीबगर इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट उचलून स्वतःकडे ठेवतो आणि त्या जागी ‘सीसी’ हा बाइट लिहितो. प्रोसेसर तिथं आला की ट्रॅप होतो, पण तोवर सीसी चालून गेलेला असतो आणि प्रोग्रॅम काउंटर एक बाइट पुढं सरकलेला असतो. म्हणून डीबगर तो एकनं मागं घेतो. सिंगल स्टेपचं तंत्र वेगळं. तिथं फ्लॅग रजिस्टरमधला ट्रॅप फ्लॅग चढवायचा, एक इन्स्ट्रक्शन झाली की प्रोसेसर आपणहून थांबतो, आणि मागं घ्यायचं काही नसतं. ब्रेकपॉइंटवरून पुढं जायचं असेल तर मूळ बाइट जागेवर ठेवायचा, एक पाऊल टाकायचं आणि सीसी पुन्हा बसवायचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक घरगुती डीबगर टेस्टिंगला आला होता, ३२ बिटांचा. आमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या. तरी एक प्रोग्रॅम नुसता चालवला की नीट चालायचा आणि डीबगरखाली पाऊल टाकलं की फंक्शनमधून परतताना कोसळायचा. लिहिणारे म्हणाले, “मॅडम, प्रोग्रॅमच खराब असेल.” मी दोन दिवस ते खरं मानलं, याची आजही लाज वाटते. मग तिसऱ्या दिवशी स्टॅक पॉइंटर पाहिला. तो ४ बाइट खाली यायला हवा होता, ८ आला होता.

झालं होतं असं. त्या फंक्शनची पहिली इन्स्ट्रक्शन होती ‘पुश ईबीपी’. तिचा कोड ५५, लांबी फक्त एक बाइट. ब्रेकपॉइंट तिच्यावरच. पाऊल टाकलं, पुश झालं, काउंटर एक बाइट पुढं गेला, सिगट्रॅप आला. डीबगरनं मागचा बाइट पाहिला: अरे, इथं तर माझा ब्रेकपॉइंट! घेतला काउंटर मागं. पुढच्या पावलाला पुश दुसऱ्यांदा झालं. परतताना परतीच्या पत्त्याऐवजी जुना ईबीपी हाती आला आणि प्रोग्रॅम स्टॅकमध्येच उडी मारून बसला.

आणि आमची टेस्ट? ती स्क्रीनवरची ओळ वाचत होती. ओळ बरोबर होती, फंक्शनचं नाव बरोबर होतं. प्रोग्रॅमचं पुढं काय होतं हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून डीबगरची माझी प्रत्येक टेस्ट प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालवते आणि त्याचं उत्तर डीबगरविना आलेल्या उत्तराशी ताडून पाहते.

जीडीबीच्या टेस्ट-संचात लागोपाठच्या इन्स्ट्रक्शनांवर दोन ब्रेकपॉइंट लावून पाहणारी एक छोटी टेस्ट आहे. पहिल्यावर थांबायचं, एक पाऊल टाकायचं, आता आपण दुसऱ्यावर उभे. त्याचा सीसी अजून चाललेला नाही, तरी डीबगरनं ‘ब्रेकपॉइंट लागला’ असंच सांगायला हवं. मी त्यात मोजणीची भर घालते: पुढं ‘कंटिन्यू’ म्हटल्यावर तोच ब्रेकपॉइंट पुन्हा लागता कामा नये. नोंद एकदाच. एकाच प्रवाशाला दोन तिकिटं फाडायची नाहीत.

थ्रेड आले की प्रकरण बिघडतं. एका थ्रेडला पुढं जाऊ देण्यासाठी सीसी उचलला, त्या क्षणात दुसरा थ्रेड तिथून निसटला तर? उपाय दोन: बाकीच्यांना तेवढा वेळ रोखा, नाहीतर ती इन्स्ट्रक्शन दुसऱ्या जागी उतरवून तिथं चालवा. दुसऱ्या उपायात सीसी हलतच नाही, पण इन्स्ट्रक्शनमधले सापेक्ष पत्ते दुरुस्त करावे लागतात, आणि बग तिथं राहायला जातात. असली टेस्ट एकदा हिरवी झाली म्हणून खूश होणाऱ्याला मी टेस्टर म्हणत नाही. हजार वेळा चालवा.

पण डीबगर चुकला असं वाटावं आणि तो बरोबर असावा, असंही घडतं. एक्स८६वर एसएस रजिस्टर भरणाऱ्या इन्स्ट्रक्शननंतर प्रोसेसर एक इन्स्ट्रक्शनभर ट्रॅप रोखून धरतो, कारण एसएस आणि स्टॅक पॉइंटर हे स्टॅकचे दोन्ही आकडे जोडीनं बदलायला हवेत. पाऊल एक टाकता, पुढं जाता दोन. २०१८च्या मे महिन्यात याच रोखलेल्या ट्रॅपनं विंडोज, लिनक्स, मॅकओएस अशा अनेकांना एकदम पॅच काढायला लावले. हा ट्रॅप उशिरा, कर्नलमध्ये शिरल्यावर येऊ शकतो हे अनेकांनी मॅन्युअल वाचूनही धरलं नव्हतं.

दुपारच्या सत्रात लॅपटॉप घेऊन बसा. तो ५५वाला प्रोग्रॅम मी सोबत आणला आहे, आणि तुम्ही लिहिलेले डीबगर त्यावर चालवून पाहायची मला फार उत्सुकता आहे.