माझ्या फ्लॅटमधल्या चोवीस बाटल्या

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. "तुझ्याकडे घरी कुणाकुणाची वाईन आहे, ते एकदा नीट सांग," असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तर सांगतो. ज्यांचं वय अजून बसत नाही, त्यांनी हा भाग सोडून द्या. आणि महाराष्ट्रात घरी बाटली ठेवायची तर परमिट लागतं बरं का. कायदा १९४९ चा आहे, पण आजही लागू आहे. परमिट ऑनलाइन मिळतं, काढून टाका.

'सेलर' म्हटलं की दगडी तळघर, लाकडी पिंपं वगैरे डोळ्यांसमोर येतं. माझ्याकडे पुण्यातला भाड्याचा वन बीएचके आहे आणि त्यात चोवीस बाटल्यांचा एक छोटा वाईन फ्रिज. आत तेरा डिग्री. हा खर्च चैनीचा वाटेल, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये बाटली नुसती कपाटात ठेवली तर दोन महिन्यांत वाईन शिजते. फळाचा ताजेपणा जातो आणि मुरंब्यासारखी जड चव उरते. मी आत एक सेन्सर लावलाय, तापमान सोळाच्या वर गेलं की फोनवर अलर्ट येतो. बीटेकचा एवढा तरी उपयोग व्हावा!

आता स्पष्टच सांगतो, आपल्याकडची बहुतेक वाईन साठवून ठेवण्यासाठी नसतेच. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईन्स वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाका. ठेवून त्या सुधारत नाहीत. म्हणून माझ्याकडे जास्त करून रेड आहेत. आणि त्या निवडताना माझा पहिला प्रश्न चवीचा नसतो. द्राक्षं कुणाची, हे मी आधी विचारतो. का, ते थोड्या वेळाने सांगतो.

सगळ्यात जास्त, म्हणजे सात बाटल्या, फ्रातेल्लीच्या आहेत. अकलूजजवळ मोटेवाडीला यांची वाईनरी आहे. सोलापूर जिल्हा, ऊस आणि साखर कारखान्यांचा मुलूख. तिथे कोण वाईन करणार, असं वाटेल. पण मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू असे तीन घरांतले भाऊ एकत्र आले. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊच. वाईनमेकर पिएरो मासी टस्कनीचे, त्यामुळे तिथलं सांजोव्हेजे हे द्राक्ष माळशिरस तालुक्यात लागलं. त्यांची 'सेत्ते' ही सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांची मिळून केलेली वाईन. नवी असताना ती जरा तुरट लागते, जीभ कोरडी पडते. चार-पाच वर्षांनी तीच मऊ होते. फ्रिज घेतल्याचे पैसे मला इथे वसूल होतात.

दुसरं नाव रेव्हेलो. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची वाईनरी आहे. यांनी सिसिलीची नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो ही द्राक्षं नाशिक जिल्ह्यात लावली. नेरो दाव्होलाच्या चार बाटल्या आहेत माझ्याकडे. मटणाच्या रश्श्याबरोबर ही वाईन मस्त जमते. फ्रेंच पुस्तकं काहीही म्हणोत.

निफाड म्हटलं की मला मामा आठवतात, आणि द्राक्षं कुणाची हा प्रश्न तिथूनच आलाय. मामा माळकरी. आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण २००५ च्या सुमारास त्यांनी दोन एकर शिराझ लावली, एका कंपनीशी करार करून. द्राक्षाचं वेळापत्रक तुम्हाला माहीत असेल, एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात वेल थंडीत झोपतो, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. मजुरी दोनदा, फवारण्या वेगळ्याच.

२००९ ला जगभरची मंदी, वाईनचा साठा पडून, आणि कंपनीची गाडी काही आली नाही. थॉम्पसन असती तर मामांनी व्यापाऱ्याला दिली असती, नाहीतर बेदाणा केला असता. पण वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते खायला कोण घेणार? करार करणाऱ्याने पाठ फिरवली की त्या मालाला दुसरा बाजारच नसतो. मी तेव्हा सातवीत होतो. घडांवर मधमाश्या बसलेल्या आठवतात. मामी म्हणाल्या, "अहो, निदान गुरांना तरी घाला." पुढच्या वर्षी बाग मुळासकट काढली. नाशिक भागात तेव्हा अशा कितीतरी बागा निघाल्या.

त्यामुळे वाईनरीत टेस्टिंगला गेलो की मी पिंपाचं लाकूड कुठलं, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, मळा तुमचा की कराराचा? कराराचा असेल तर किती वर्षांचा, आणि माल जास्त झाला तर काय करता? काही जण छान सांगतात, काही जण चीजची प्लेट पुढे करतात.

सुलाबद्दल तर विचारणारच तुम्ही. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये होते, मग नोकरी सोडून नाशिकला आले. आपल्या आयटीवाल्यांचं हे आवडतं स्वप्न! सुला हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभा यांच्या नावावरून. बऱ्याच शेतकऱ्यांशी त्यांचे अनेक वर्षांचे करार आहेत, आणि मोठं असण्याचा हा फायदा मी मानतो. त्यांची 'रासा' शिराझ तीन बाटल्या ठेवलीय. बाकी सुलाची वाईन मी आणतो आणि त्याच आठवड्यात संपवतो.

महाराष्ट्राबाहेरचे दोघेच. बंगळुरूजवळ नंदी हिल्सचे ग्रोव्हर, १९८८ पासूनचे. त्यांची 'ला रिझर्व्ह' मी घेतलेली पहिली ठेवणीतली बाटली. आणि हंपीजवळची कृष्मा, स्वतःच्याच मळ्यातली. कृष्णा आणि उमा या नवरा-बायकोच्या नावांतून हे नाव झालंय. त्यांची काबर्ने महाग आहे, म्हणून दोनच.

दुकानातून घेताना तोडणीचं वर्ष बघा आणि शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका. बूच असेल तर घरी आडवी ठेवा, म्हणजे बूच सुकत नाही. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते.

मामांनी मागच्या दिवाळीला फ्रिज बघितला. एकेक लेबल वाचलं, शिराझच्या बाटलीपाशी थांबले आणि विचारलं, "केवढ्याला?" मी किंमत सांगितली. त्यांनी मनात हिशोब केला असणार, कारण एका किलोला त्यांना काय भाव ठरला होता, तो आकडा त्यांनी लगेच सांगितला. मग म्हणाले, "चहा टाक."