दोन हंगामांची लीग



विंगेत नाटकाची मंडळी रंग लावून खोळंबली आहेत. म्हणून एकच गोष्ट सांगतो, तीही अल्पायुषी लीगची!

लॅक्रोस हा उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा जुना खेळ. काठीच्या टोकाला जाळी, त्या जाळीतच चेंडू झेलायचा आणि त्यातूनच फेकायचा. खेळ मोकळ्या मैदानावरचा. पण कॅनडात आइस हॉकीची बंदिस्त रिंगणे उन्हाळ्यात ओस पडत. १९३१ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाच्या मालकांनी बर्फाविना रिंगणात लॅक्रोस आणला. चहूबाजूंनी कठडे, कमी खेळाडू, श्वास घ्यायला उसंत नाही. हाच बॉक्स लॅक्रोस. त्यासाठी काढलेली चार संघांची लीग दोन हंगामांतच आटोपली. खेळ मात्र उरला. त्याच दशकात कॅनडाच्या लॅक्रोस संघटनेने तो अधिकृत केला.

१९७४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या सहा संघांची नवी व्यावसायिक लीग निघाली. पहिले विजेतेपद रॉचेस्टरने पटकावले, दुसरे क्युबेकने. पण पैशाचे गणित बसेना. त्यात १९७६ च्या ऑलिंपिकमुळे मॉन्ट्रियलचे फोरम हे रिंगण मिळेना. ही लीगही दोन हंगामांतच मिटली. पुढे १९८७ मध्ये चार संघांनिशी पुन्हा डाव मांडला गेला. त्यातल्या फिलाडेल्फियाच्या संघाने जुन्या लीगमधले 'विंग्ज' हेच नाव घेतले. त्या लीगची परंपरा आजही चालू आहे.

आणि ज्या ऑलिंपिकपायी एकदा जागा गेली, त्याच ऑलिंपिकमध्ये २०२८ साली लॉस एंजेलिसला लॅक्रोस परततो आहे. बॉक्स नव्हे, मैदानावरचा सहा-सहा जणांचा. हा निर्णय कुठे झाला, ठाऊक आहे? आपल्या मुंबईत, ऑक्टोबर २०२३ मध्ये. क्रिकेटलाही त्याच बैठकीत प्रवेश मिळाला.

मित्रांनो, बंद पडलेल्या उपक्रमाला आपण चटकन 'फसला' म्हणतो. पण नंतर येणाऱ्याला त्यातून नियम, नाव, खेळाडू मिळाले, तर तो पुरता फसलेला नसतो. तुमचे नाट्यमंडळ, भित्तिपत्रक, विज्ञान मंच यांतले काही उद्या थांबेलही. म्हणून जाणाऱ्यांनी हिशेबाची वही, संहिता आणि झालेल्या चुकांची यादी पुढच्या तुकडीच्या हवाली करावी. येणाऱ्यांनी ती आधी वाचावी, मग नव्या चुका खुशाल कराव्यात!

बक्षीसपात्र विद्यार्थ्यांचे अभिनंदन, आणि नाटकाला शुभेच्छा.