स्पिंडल घेताना वॅट नको, टोक पाहा

आम्ही अकोल्याच्या चौघी. बॅटरीवरच्या फवारणी पंपांची दुरुस्ती करतो. पंपातला छोटा सर्किट बोर्ड जळाला, की नवा येईपर्यंत ऐन हंगामात फवारणी खोळंबते. म्हणून बोर्ड घरीच कोरायचे ठरवले आणि बचत गटातून कर्ज काढून लहान सीएनसी मशीन घेतले.

बोर्डावरचा तांब्याचा थर साधारण ०.०३५ मिलिमीटर जाड असतो. टोकदार बिट नको तेवढे तांबे खरवडतो. हा बिट फिरवतो तो स्पिंडल. दुकानात आम्ही एकच विचारले, "जास्त वॅटचा कोणता?" तिथेच चुकलो. घरी आणून पाहतो तर कडा फाटलेल्या आणि बारीक रेघा पार खाल्लेल्या!

आमच्यातल्या एकीच्या आजीने चरखा चालवलेला. ती म्हणाली, "चाती वाकडी असली का सूत तुटतेच, चाक कितीबी फिरवा."

तेच खरे होते. एवढ्याशा तांब्याला जोर लागतच नाही. टोक न डोलता फिरावे लागते. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे. अशा लॅबमध्ये ०.४ मिलिमीटरच्या बिटानेही बोर्ड कोरतात. तिथे टोक ०.१ मिलिमीटर डोलले, तर बिटाच्या पाव जाडीइतकी चूक झाली!

म्हणून घेण्याआधी बिट लावून स्पिंडल हाताने फिरवा आणि बिटाच्या गोल दांड्याला डायल गेज लावून पाहा. लेथवाल्याकडे ते असते. काटा ०.०२ च्या आत हलला तर उत्तम, ०.१ हलला तर परत ठेवा. दांडा आडवा हलवून बेअरिंग ढिले नाही ना, तेही तपासा. बिटाचा दांडा ३.१७५ मिलिमीटरचा असेल, तर कॉलेटही त्याच मापाचे हवे. दहा हजार फेऱ्यांवर काम होते, फक्त मशीन सावकाश चालवा.

आणखी एक. एफआर-४ बोर्डाच्या धुळीत काचेचे बारीक तंतू असतात. शक्यतो कागदी एफआर-१ घ्या. धूळ कोणतीही असो, मास्क लावा, ती व्हॅक्यूमने ओढा आणि लेकरांना खोलीबाहेर ठेवा. पदर खोचा, वेणी बांधा.

आमचा दुसरा स्पिंडल कमी वॅटचा आहे, पण सरळ फिरतो. पहिल्याचे हप्ते अजून फेडतोय. तुमचे तेवढे वाचावेत, म्हणून हे सांगितले.