बोलका खेळ मुका कां होतो?

एखादें यंत्र अजीबात बंद पडलें, तर त्याचा निकाल लवकर लागतो. दिवा लागत नाहीं, पडदा उजळत नाहीं. तेव्हां वीजच पोंचत नसावी, असें घरांतलें लहान मूलहि सांगूं शकतें. पंचाईत होते ती यंत्र अर्धेंमुर्धें चालतें तेव्हां. टेलिव्हिजनला जोडावयाच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या पेटींत हा प्रकार फार आढळतो. चित्र स्वच्छ दिसतें, बटण दाबतांच पडद्यावरचा गडी उडी मारतो, परंतु आवाजाचा मागमूस नसतो.

आवाज म्हणजे केवळ वरची फोडणी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. १९८५ सालीं निघालेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचें संगीत कोजी कोंदो यांनीं रचलें. त्यांत वेळ संपत येऊन घड्याळाचा आंकडा १०० वर उतरला, कीं चाल एकाएकीं द्रुत होते. नजर आंकड्याकडे नसली तरी कान खेळणाऱ्याला सावध करतात. आवाज गेला, कीं ही सूचनाहि गेली.

आतां एक उदाहरण कल्पूं. सुरत-नागपूर हमरस्त्यावरील साक्री गांवीं एका घरीं इंग्लंडांत स्थायिक झालेला मुलगा दिवाळीला सहकुटुंब आला आहे. तेथें १९९० सालीं विक्रीस आलेली सेगाची 'मेगा ड्राइव्ह' ही पेटी त्यानें आपल्या मुलाच्या हट्टास्तव बरोबर आणली आहे. टेलिव्हिजनच्या अँटेनाच्या खांचेंत तार खोंचली; चित्र आलें; आवाज नाहीं. नातू हिरमुसतो. आजोबा म्हणतात, "प्रवासांत धक्का लागला असेल, बाळ. उद्यां धुळ्याला नेऊन उघडून घेऊं." येथेंच थांबलें पाहिजे. घाईनें पेटी उघडणें म्हणजे निरोगी माणसावर शस्त्रक्रिया करणें होय. कारण अशा प्रसंगीं पेटी बहुधा निर्दोष असते.

याचा पडताळा सोपा आहे. या पेटीच्या पहिल्या नमुन्यास पुढील बाजूला हेडफोनची खांच व आवाज कमीजास्त करण्याची सरकती कळ असते. हेडफोन लावून आवाज ऐकूं आला, म्हणजे पेटीचा कंठ शाबूत आहे. अडचण आहे ती पुढच्या वाटेवर.

ती वाट अशी. अशा पेटींत एक चिमुकलें प्रक्षेपण केंद्रच बसविलेलें असतें. तें चित्रासाठीं एक लहर सोडतें व आवाजासाठीं दुसरी. या दोन लहरींमध्यें ठराविक अंतर राखावें लागतें, आणि सर्व देशांनीं तें सारखें ठरविलेलें नाहीं. भारतांत १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपण सुरू झालें. येथील पद्धतींत हें अंतर सेकंदास ५५ लक्ष कंपनांचें आहे. इंग्लंडच्या पद्धतींत तें ६० लक्ष, तर अमेरिका व जपान यांच्या पद्धतींत ४५ लक्ष. इंग्लंडची रंगीत चित्राची पद्धत आपल्यासारखीच, 'पाल' नांवाची, असल्यामुळें चित्र बिनबोभाट येतें. आवाजाची लहर मात्र संच जेथें कान लावून बसला आहे तेथून ५ लक्ष कंपनें पलीकडून निघून जाते. रेडिओचा कांटा केंद्रावरून थोडा सरकला म्हणजे जें होतें, तेंच हें. पुष्कळ संचांत वाहिनी हातानें जुळवितांना ध्वनीची पद्धत निवडतां येते. तेथें 'बीजी' ऐवजीं 'आय' निवडलें, कीं मुकी पेटी बोलूं लागते. ही सोय नसल्यास अँटेनाची वाट सोडून चित्र व आवाज यांच्या स्वतंत्र तारा वापराव्यात.

१९९० च्या दशकांत आपल्याकडे मुलें ज्या स्वस्त पेट्या खेळत, त्यांपैकीं पुष्कळशा निंतेंदो कंपनीच्या १९८३ सालच्या 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या. त्यांचें दुखणें निराळें. या रचनेंत पेटीनें निर्माण केलेला आवाज आधीं कॅसेटमध्यें जातो व तेथून परत येऊन मग बाहेर पडतो. कॅसेटच्या ६० पट्ट्यांपैकीं ४५ वी व ४६ वी या कामासाठीं आहेत. त्या दोहोंवर मळ बसला, कीं खेळ बिनतक्रार चालतो, पण आवाज वाटेंतच अडतो. एकच कॅसेट मुकी असेल, तर दोष तिच्या पट्ट्यांचा. सगळ्याच मुक्या असतील, तर पेटीच्या खांचेचा किंवा बाहेरच्या तारेचा. मुलें कॅसेटवर फुंकर मारतात, ती संवय वाईट. तोंडांतील ओलाव्यानें धातू गंजतो. वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसानें पट्ट्या पुसाव्यात व पुर्‍या वाळूं द्याव्यात.

तारांचीहि तपासणी विसरूं नये. पिवळी तार चित्राची, पांढरी व तांबडी आवाजाची. आवाजाची एकच तार असेल, तर ती पांढऱ्या खांचेंत बसवावी. नव्या टेलिव्हिजनवर या तीन खांचांच्या जागीं पुष्कळदां एकच बारीक गोल भोंक असतें. त्याच्या जोडतारेंतील क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. म्हणून त्या संचासाठींच केलेली तार घ्यावी.

एवढें करूनहि आवाज आला नाहीं, तर दोष आंत आहे असें समजावें. सेगाची १९९० सालची 'गेम गियर' ही हातांत धरावयाची पेटी याचें ठळक उदाहरण. तिच्यांतील कपॅसिटर कालांतरानें पाझरतात. आवाज आधीं क्षीण होतो, मग नाहींसा होतो. ते बदलणें हें कुशल कारागिराचें काम होय. जुन्या कांचेच्या नळीच्या टेलिव्हिजनला तर घरच्या माणसानें हातच घालूं नये. वीज काढल्यावरहि त्यांत जबर धक्का देण्याइतका विद्युद्भार उरतो.

तेव्हां क्रम असा ठेवावा: प्रथम टेलिव्हिजनचा आवाज दुसऱ्या कार्यक्रमावर पाहावा, मग पेटीला हेडफोनची खांच असल्यास ती, मग तार, मग ध्वनीची पद्धत, मग कॅसेट. पेंचकस हातीं घेण्याची पाळी सर्वांत शेवटीं.