नातवाला घेऊन दक्षिण जर्मनी : आखणी आधी घरातली

आज मी प्रवासाच्या आखणीबद्दल बोलणार आहे. हा प्रवास पंढरपूर किंवा महाबळेश्वरचा नाही, थेट जर्मनीचा आहे. तुम्ही म्हणाल, "ताई, आमचा त्याच्याशी काय संबंध?" तर संबंध आहे. जर्मनीच्या दक्षिणेला बाडेन-व्युर्टेंबर्ग नावाचं राज्य आहे, स्टुटगार्ट ही त्याची राजधानी. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. चाकणला ज्या मर्सिडीज गाड्या तयार होतात, त्या कंपनीचं मूळ घर स्टुटगार्टलाच. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं त्या राज्याशी इथली कुशल माणसं तिकडे कामाला पाठवण्याचा करार केला. म्हणजे आज एखाद्या गावातली लेक तिकडे असेल, तर उद्या तुमच्या घरातलंही कुणी असू शकतं. मग लेक म्हणेल, "आई, ये ना." त्या वेळी काय काय बघावं लागतं, ते आज ऐका.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. वय ५६. गटाच्या गोधड्या शिवतात, त्यांचा टाका बघून पुण्याहून मागणी येते. त्यांची मुलगी, जावई आणि साडेतीन वर्षांचा नातू स्टुटगार्टला राहतात. मे महिन्यात मावशींनी यावं आणि सगळ्यांनी मिळून दक्षिण जर्मनी फिरावी, असं ठरलं. मुलीनं फोनवर बेत पाठवला. तो घेऊन मावशी बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "वाचून दाखव गं."

मी वाचला. ८ दिवसांत ७ गावं होती. रोज बॅगा भरायच्या, रोज नवं हॉटेल. आणि तीन दिवसांच्या संध्याकाळपुढे लिहिलं होतं, "आई बाळाजवळ थांबेल." बैठकीत कुणी काही बोललं नाही. मग मावशीच म्हणाल्या, "नातवाजवळ थांबायला मला आवडतंच. पण मला काय बघायचंय, हे कुणी विचारलं नाही."

लेकीचा काही वाईट हेतू नव्हता. तिला सुट्टी मोजकीच, जावयांना सगळं दाखवायची हौस. पण आपल्याकडे लग्नाला जा नाही तर देवाला जा, लहान मूल आणि म्हातारं माणूस यांना गृहीत धरूनच बेत होतो. म्हणून आम्ही मुलीला फोन लावला आणि तिघांना तीनच प्रश्न विचारले. बाळाचा दिवस कसा जातो? प्रत्येकाला काय एक गोष्ट बघायचीच आहे? आणि कोण, कधी, किती वेळ बाळाला सांभाळणार?

उत्तरं आली तसा बेत बदलला. बाळ दुपारी एक ते तीन झोपतं. तेव्हा रेल्वेचा प्रवास शक्यतो त्याच वेळेत ठेवला. दिवसात एकच मोठी गोष्ट बघायची, बाकी वेळ बागेत. तिकडे प्रत्येक वस्तीत मुलांचं खेळाचं मैदान असतं, घसरगुंडी आणि वाळू असते, पैसे लागत नाहीत. सातऐवजी मुक्कामाची गावं तीनच ठेवली : उल्म, लिंडाऊ आणि म्युनिक.

महिना मे का, तर जूनमध्ये पेरणी. पेरणीआधी मावशींना परत यायचं होतं. शिवाय तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटाला लागते, तेव्हा गर्दीही वाढते आणि हॉटेलंही महागतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात म्युनिकला मोठी जत्रा सुरू होते, तेव्हा तर खोली मिळणंच अवघड.

आता कागदपत्रं. हे नीट ऐका, वहीत लिहून घ्या. जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. १५ दिवसांपेक्षा कमी वेळ उरला तर अर्ज घेत नाहीत, पण तेवढ्यावर विसंबू नका, अडीच-तीन महिने हातात ठेवा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, म्हणजे नऊ-दहा हजार रुपये. ६ वर्षांखालच्या मुलाला फी नाही. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा, परत येण्याच्या तारखेनंतर तो किमान ३ महिने चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. लेक तिकडे असेल तर ती तिथल्या कार्यालयातून खर्चाचं हमीपत्र काढून पाठवू शकते, त्यानं काम सोपं होतं. आणि एक गोष्ट : पासपोर्टवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच आहे ना, हे आधी बघा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, यात आपल्या बायकांचे महिने जातात.

बॅगेत काय न्यायचं, यावरून बरीच चर्चा झाली. मावशींना घरचं तूप, पेढे आणि नातवासाठी हापूस न्यायचा होता. पण युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. ताजी फळंही तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, केळी, नारळ, खजूर अशी मोजकी सोडून. म्हणजे तूप, पेढे, हापूस तिन्ही गेले. मावशी हिरमुसल्या. मग मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. मेतकूट-भात नातवाला एवढा आवडला की आता फोनवर आधी तेच मागतो.

प्रवास रेल्वेनं ठरवला. तिकडे ६ वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट नाही. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत लहान मुलांसाठी वेगळा डबाखाना असतो, तिथे बाबागाडी ठेवायला आणि मुलाला खाली खेळायला जागा मिळते. पण तिथली जागा आधी राखून ठेवावी लागते. मोटारीनं जायचं तर १२ वर्षांखालच्या, दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बालआसन लागतंच, टॅक्सीतसुद्धा. मांडीवर घेऊन बसणं तिकडे चालत नाही. बव्हेरिया राज्यात एक दिवसाचं गटाचं तिकीट मिळतं, पाच जणांपर्यंत. ते साध्या गाड्यांना चालतं, जलद गाड्यांना नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. लिंडाऊहून म्युनिकला त्यांनी तेच वापरलं.

आता प्रवास कसा झाला ते सांगते. मावशी पोचल्यावर पहिले तीन दिवस घरीच. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं. मावशींना पहाटे तीनलाच जाग यायची. आणि मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड, बाळ झोपायला तयार नाही. त्यासाठी लेकीनं प्रवासात एक जाड काळी चादर बरोबर घेतली, हॉटेलच्या खिडकीवर टांगायला.

चौथ्या दिवशी उल्म. स्टुटगार्टहून गाडीनं तासाच्या आत. तिथल्या चर्चचा मनोरा १६१ मीटर उंच आहे. वर जायला साडेसातशेच्या वर पायऱ्या. जावई चढले, बाकी तिघं खाली चौकात कबुतरांमागे.

दुसरा दिवस मावशींचा होता. उल्मपासून रेल्वेनं साधारण पाऊण तासावर गिंगेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे १८४७ मध्ये मार्गारेट श्टाइफ नावाची मुलगी जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हातही नीट चालेना. तरी ती शिवण शिकली. शिलाई मशीन उलटं फिरवून ठेवायची आणि डाव्या हातानं चाक फिरवायची. आधी कपडे शिवले. १८८० च्या सुमारास तिनं टाचण्या खोचायला फेल्टच्या कापडाचा एक छोटा हत्ती केला. बायकांनी तो घेतला टाचण्यांसाठी, पण मुलं त्याच्याशी खेळायला लागली. तिनं ते हेरलं आणि खेळणी करायला लागली. पुढे १९०२ मध्ये तिच्या पुतण्यानं हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. जगभर ज्याला टेडी म्हणतात, ते हे अस्वल. १९०७ या एका वर्षात तिच्या कारखान्यानं साडेनऊ लाखांवर अस्वलं केली. आजही त्या खेळण्याच्या कानात एक बटण असतं, ती तिची खूण.

गिंगेनला त्याचं संग्रहालय आहे. नातू तिथे मोठ्या मऊ प्राण्यांवर चढून बसला, आणि मावशी काचेपलीकडचे टाके बघत राहिल्या. फोनवर मला म्हणाल्या, "अगं, शिवण आतून घेतलीय, दोरा कुठे दिसत नाही. आपल्या गोधडीच्या कडेला असं करता येईल." ही जागा आधीच्या सात गावांच्या यादीत नव्हती. मावशींना विचारलं, तेव्हा लेकीनं शोधून काढली.

मग लिंडाऊ. बोडनसे नावाचं मोठं सरोवर आहे, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या काठचं. त्यात लिंडाऊचं जुनं गाव बेटावर वसलंय. एक दिवस बोटीत बसायचं ठरलं होतं, तर धो धो पाऊस. त्या दिवसासाठी आधीच दुसरा बेत लिहून ठेवला होता : खोलीत थांबायचं, चित्रं काढायची, जवळच्या खानावळीत चीज घातलेल्या शेवया खायच्या. पावसाचा बेत लिहिलेला होता म्हणून कुणी कुणावर चिडलं नाही. बोट दुसऱ्या दिवशी झाली.

शेवटी म्युनिक. जावयांना नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा बघायचाच होता. लुडविग राजानं १८६९ मध्ये बांधायला घेतलेला, डोंगरावरचा. पण तिथे चढ आहे, आत बाबागाडी नेता येत नाही आणि तिकिटावरची वेळ चुकली की प्रवेश गेला. झोपेला आलेल्या मुलासाठी हे काही बरं नाही. म्हणून जावई एकटे गेले, पहाटेच्या गाडीनं. बाकी तिघं प्राणिसंग्रहालयात. दुसऱ्या दिवशी बाळ बापाजवळ, विज्ञानाच्या मोठ्या संग्रहालयात. तिथे लहान मुलांसाठी वेगळा विभाग आहे. आणि मायलेकी भाजीबाजारात, १८०७ पासून भरणाऱ्या. दोघी तीन तास फिरल्या. लग्नानंतर लेकीबरोबर एकटीनं बाजार करायची ती पहिलीच वेळ, असं मावशी म्हणाल्या.

खर्चाचंही सांगते. विमानाचं तिकीट मावशींनी स्वतःच्या गोधडीच्या पैशांतून काढलं, दोन वर्षं बाजूला टाकून. तिकडचा खर्च लेकीनं केला. वाचवायच्या जागाही आहेत. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घ्यायला नकोत. आणि घेतली तर प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानात बाटली परत केली की मिळते. रविवारी तिकडे दुकानं बंद, तेव्हा दूध-फळं शनिवारीच भरायची. अडीअडचणीला फोन ११२, हा नंबर मावशींना पाठ करायला लावला होता. नातवाच्या मनगटाला लेकीचा नंबर लिहिलेली कापडी पट्टी मावशींनी स्वतः शिवली होती.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक करून बघा. जर्मनी राहू दे, तुमच्या घरातला पुढचा कुठलाही प्रवास घ्या, जेजुरी घ्या नाही तर भाचीचं लग्न घ्या. वहीच्या एका पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, लहानाचं आणि आजीचंही. प्रत्येकापुढे त्याला काय बघायचंय ते लिहा, आणि मुलाला कोण कधी सांभाळणार तेही लिहा. एकाच नावापुढे सगळा सांभाळ आला असेल, तर निघायच्या आधी त्यावर घरात बोला.