शेजारची शाळा आणि पालकांचा निर्णय



जून उजाडला की घरोघरी एकच विचारविनिमय सुरू होतो: मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतच ठेवावे, की पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडावे? अशा पालकांना दोष देणे सोपे आहे; पण त्यांची काळजी खोटी नसते.

तथापि हा हिशेब एका घरापुरता राहत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तीन, असे प्रमाण घातले आहे. ६१ च्या पटावरून एक दाखला निघाला की त्या निकषाने तिसरी जागा धोक्यात येते. दोन शिक्षकांवर पाच वर्ग येतात आणि ते पाहून आणखी पालक दाखला मागू लागतात.

त्यातही आधी जातो तो बहुधा बोलका पालक. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरविले. प्रश्न विचारणारा सभासद गेला की सभा सह्यांपुरती उरते. वजनदार कुटुंबांचे लक्ष सार्वजनिक शाळेकडे राहावे, म्हणूनच कोठारी आयोगाने (१९६४-६६) परिसर-शाळेचा पुरस्कार केला होता.

तेव्हा दाखल्याचा अर्ज आला की मुख्याध्यापकांनी त्या पालकाला वर्गात बसवावे, मुलांचे वाचन ऐकवावे, इंग्रजी कोण व कसे शिकवितो ते दाखवावे. त्यानंतरही त्याचा निर्णय कायम राहिला, तर दाखला त्याच दिवशी हाती द्यावा.