दोर सोडवल्यानंतर काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)

आपल्या शिबिरात चारशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश कादंबरीचं काय काम, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटत असेल. सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली आला, दुसरा १६१५ साली. आपल्याला त्यातल्या पवनचक्क्या तेवढ्या ऐकून माहीत असतात. शूर सरदारांच्या कहाण्या वाचून डोकं फिरलेला, पन्नाशीला टेकलेला एक गृहस्थ जुनं चिलखत चढवतो आणि जगातला अन्याय दूर करायला निघतो. पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखतो आणि आपटतो. आपण हसतो, पुस्तक मिटतो.

पण समाजकार्य करणाऱ्या बाईने हे पुस्तक जरा वेगळ्या नजरेने वाचावं. दुसऱ्याच्या मदतीला धावणारा हा माणूस दोन भागांत कसा बदलत जातो आणि कुठे बदलत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी त्याच्या दोन केसेस आपल्यापुढे ठेवते.

पहिली केस आंद्रेस या पोराची. पंधराएक वर्षांचा मेंढपाळ. मालकाने त्याला झाडाला बांधलंय आणि पट्ट्याने फोडतोय. मालक म्हणतो, हा मेंढ्या हरवतो. पोरगा म्हणतो, नऊ महिन्यांचा पगार थकलाय, तो द्यायला नको म्हणून मारतोय. किहोते भाला उगारून मालकाला दम देतो. मालक पोराचे दोर सोडतो आणि घरी नेऊन पै न पै चुकती करीन अशी शपथ घेतो. पोरगा जीव तोडून सांगतो, याच्यासोबत मला एकटं पाठवू नका, हा माझी कातडी सोलेल. किहोते म्हणतो, त्याने शब्द दिलाय, तेवढं पुरे. आणि घोड्याला टाच मारून निघून जातो. पाठ वळताच मालक पोराला पुन्हा बांधतो आणि मरेस्तोवर मारतो. पुढे पुन्हा गाठ पडते तेव्हा आंद्रेस हात जोडून सांगतो की, माझे तुकडे होताना दिसले तरी माझ्या मदतीला येऊ नका.

मैत्रिणींनो, इथे किहोतेचा वेडेपणा कुठे आहे? पवनचक्कीला राक्षस म्हणण्यात असेल. पण मारणाऱ्याची शपथ खरी मानायची आणि मार खाणाऱ्याची भीती ऐकूनच घ्यायची नाही, हे तर शहाणीसुरती माणसंही रोज करतात. चौकीत नवऱ्याकडून ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं लिहून घेतलं जातं, चार माणसांसमोर समेट होतो आणि बाईला त्याच घरी परत पाठवलं जातं. रात्री दार बंद झाल्यावर त्या कागदाचं काय होतं, ते आपल्या केंद्रात येणाऱ्या बाया सांगतात. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला, संरक्षण अधिकारी आले. तरी पाठपुरावा कोण करणार हा प्रश्न सुटलेला नाही.

दुसऱ्या भागात हा माणूस बदललेला दिसतो. पूर्वी धर्मशाळा पाहिली की त्याला किल्ला दिसायचा, आता धर्मशाळाच दिसते. कुणाचं नुकसान केलं तर तो भरपाई देतो. आता भ्रम तो स्वतः कमी निर्माण करतो, इतर लोक त्याच्यासाठी ते रचतात. त्याच्याबद्दल पुस्तकात वाचलेले एक ड्यूक आणि डचेस त्याला वाड्यावर पाहुणा म्हणून ठेवतात आणि करमणुकीसाठी त्याची टिंगल करतात.

त्याच वाड्यात दुसरी केस येते. दोन्या रोद्रिगेस ही तिथली प्रौढ, विधवा सेविका. एका श्रीमंत शेतकऱ्याच्या मुलाने लग्नाचं वचन देऊन तिच्या मुलीला फसवलंय. ती ड्यूककडे वारंवार दाद मागते, पण तो ऐकत नाही, कारण मुलाचा बाप ड्यूकला कर्ज देतो, त्याच्या देण्यांना जामीन राहतो. म्हणून ती रात्री मेणबत्ती घेऊन किहोतेच्या खोलीत येते. सगळा वाडा ज्याला वेडा म्हणून हसतो, त्याच्याकडेच तिला दाद मागावीशी वाटते! आणि तोंड उघडल्याबद्दल तिला त्याच खोलीत अंधारात मार बसतो.

किहोते या वेळी पूर्ण ऐकून घेतो. मुलीने इतका सहज विश्वास ठेवायला नको होता, हे सुनावायला चुकत नाही. ती सवय त्याचीही सुटलेली नाही. पण तो बाजू घेतो आणि द्वंद्वाचं आव्हान देतो. तो मुलगा तर कधीच परदेशी पळालाय. ड्यूक त्याच्या जागी आपला एक नोकर उभा करतो. तो नोकर मुलीला पाहतो आणि लढायचं सोडून लग्नालाच तयार होतो. फसवणूक उघडी पडल्यावर किहोते काय म्हणतो? जादूगारांनी नवऱ्या मुलाचा चेहरा बदलला! ड्यूक समोर बसलाय, पण त्याच्याकडे बोट दाखवायचं याला सुचत नाही. पुढे कळतं ते असं: नोकराला शंभर फटके बसले, मुलगी मठात गेली, आई वाडा सोडून निघून गेली.

माझ्या मते किहोतेच्या बदलाची मर्यादा इथे दिसते. तो हळवा झाला, थांबून ऐकायला शिकला. पण अन्याय कोणाच्या पैशाच्या हिशेबातून होतो, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

शेवटी हरून तो घरी येतो, आजारी पडतो, शुद्धीवर येतो. सगळे रडतात. पण त्याचं मृत्युपत्र पाहा. शूर सरदारांच्या पोथ्या ठाऊक असलेल्या माणसाशी पुतणीने लग्न केलं, तर तिचा वारसा काढून घ्यावा, अशी अट तो घालतो. वेड याचं, आणि बंधन तिच्यावर! डोकं ठिकाणावर आलं, तरी घरातल्या मुलीचा निर्णय आपल्याच हाती ठेवायचा हे काही सुटलं नाही.

म्हणून गटचर्चेसाठी तीन प्रश्न देते. आपण दोर सोडवतो, त्यानंतर त्या बाईसोबत कोण, किती दिवस राहतं? आपल्या केसमधला ड्यूक कोण, आणि त्याचं नाव आपण घेतो का? आणि आपण मदत करताना तिच्या वतीने काय काय ठरवून टाकतो? किहोते एकटा होता. आपण गट आहोत, तेव्हा या प्रश्नांची उत्तरंही मिळूनच शोधू या.